कोरडी गाठ

आमच्या वेल्समधल्या या खोऱ्यात निम्म्या लोकांचं आडनाव जोन्स, त्यामुळे माणूस ओळखायचा तो धंद्यावरून. तळ्याकाठी माझी चहाची टपरी, म्हणून मी मेन्ना चहा. आणि माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा तो इडवल ट्राउट. बहीण जाऊन सहा वर्षं झाली, पण त्याला चिडवायचा माझा हक्क काही तिच्याबरोबर गेला नाही.

एकतीस वर्षं हा माणूस वाटाड्या म्हणून गळ टाकायला येणाऱ्या पाहुण्यांना मासे दाखवतोय. आता आमच्या तळ्यातले ट्राउट काही देवानं घातलेले नाहीत. दर गुरुवारी ट्रक येतो आणि पाइपातून मासे धबाधब पाण्यात पडतात. लोकांना वाटतं, मग ते धरायला काय अक्कल लागते? लागते बरं का. इडवल वाऱ्याकडे बघतो, नाक खाजवतो आणि म्हणतो, पाच मिनिटं थांबा, इथूनच जातील. आणि जातात. एरवी याला स्वतःच्या शर्टाची बटणं धड लावता येत नाहीत.

ख्रिसमसला माझ्याकडे चहा पिताना त्याच्या हातातली कपबशी खडखडायला लागली. मी म्हटलं, बशीला थंडी वाजतेय का रे? तो हसला नाही. कप खाली ठेवला, टोपी घेतली आणि गेला. तेव्हापासून त्याच्या हाताची थट्टा मी बंद केली. मला विचाराल तर हा कडक उपासच.

मासेमारीत हात थरथरला की सगळं गाठीवर येतं. गळाला पिसं गुंडाळून केलेली ती खोटी माशी केसासारख्या बारीक दोऱ्याला बांधायची असते. पाहुणे निम्म्या माश्या झुडपात अडकवून घालवतात, म्हणजे वाटाड्यानं दिवसभर गाठीच मारायच्या. त्यात तळं ज्याच्या ताब्यात आहे त्या मासेमारी क्लबला नवा चिटणीस आला, हॅवर्ड दात. तीस वर्षं खोऱ्यातले दात उपटून नुकताच निवृत्त झालेला. त्यानं फर्मान काढलं की हंगाम सुरू व्हायच्या आधी एकेका वाटाड्याबरोबर तो अर्धा दिवस मासे धरणार आणि मगच त्याला वाटाड्याच्या कामाचा यंदाचा पास देणार. इडवलची पाळी शुक्रवारी सकाळी दहाला.

गुरुवारी दुपारी इडवल टपरीत आला. चौदा माश्यांची डबी आणि दोऱ्याचं रीळ माझ्यासमोर ठेवलं.

"तुझ्या हाताला विणायची सवय आहे. बांधून दे," म्हणाला. "आणि कुणाला बोलू नकोस."

डॉक्टरकडे जा, असं मी म्हटलं. आधी पास, मग डॉक्टर, म्हणाला. पास गेला तर हा माणूस घरात बसून भिंतीला काय दाखवणार होता, तेही मला कळत होतं. म्हणून बसले बांधायला. पाच वेढे, टोक फासातून बाहेर, त्यावर थुंकी लावायची आणि मग हळू ओढायचं. त्यानं दोनदा सांगितलं. मी आपली बांधतेय आणि बोलतेय. शेजारच्या मेगनचं दुसरं लग्न, त्यात तिच्या पहिल्या सासूनं केलेलं गाणं, सगळं सांगितलं. बोलता बोलता चौदा गाठी झाल्या.

शुक्रवारी वारा इतका होता की होड्या बंद. माझ्या टपरीखालच्या दगडी बांधावरच दोघं उभे राहिले. मी थंडीत खिडकी उघडी टाकून ऐकत होते. थोड्याच वेळात हॅवर्डच्या गळाला मासा लागला, काठी वाकली, इडवलचा चेहरा उजळला. आणि दोरा सैल पडला. होतं असं कधीकधी. दुसरा लागला, तोही गेला. तिसरा गेल्यावर हॅवर्डनं दोरा ओढून घेतला आणि टोक उजेडात धरलं. टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं.

इथे पोरासोरांनाही कळतं. दगडानं किंवा माशाच्या दातानं कापलेला दोरा सरळ तुटतो. वळलेलं टोक म्हणजे गाठ सुटली. आणि नव्या दोऱ्याची गाठ सुटते ती कोरडी ओढली तर, कारण स्वतःच्याच घर्षणानं दोरा भाजतो. आदल्या दिवशी मी एकदा तरी थुंकले होते का, ते काही केल्या आठवेना.

"या कोरड्या बांधल्यात, इडवल," हॅवर्ड म्हणाला. रागानं नव्हे. तेच वाईट होतं.

"हो. चुकलंच माझं," इडवल म्हणाला. उजवा हात खिशात.

एकतीस वर्षं मुरलेला वाटाड्या, आणि नवशिक्याची चूक अंगावर घेऊन उभा. मी गप्प राहिले तर तो हलगर्जी ठरणार. बोलले तर आजारी. दोन्हीकडून पास जाणार. जन्मात कधी तोंड उघडण्याआधी विचार केला नव्हता. त्या दिवशी इतका केला की दूध उतू गेलं. मग एप्रनसकट खाली गेले.

"गाठी मी बांधल्यात," मी म्हटलं. "यानं थुंकायला सांगितलं होतं. माझं तोंड दुसऱ्या कामात होतं."

इडवलनं माझ्याकडे असं बघितलं, की बहीण असती तर मध्ये पडली असती. मग त्यानं खिशातला हात काढला आणि हॅवर्डसमोर धरला. वारा सगळ्यांनाच लागत होता, पण थरथरत होता तो एकच हात.

हॅवर्डनं बराच वेळ पाहिलं. कधीपासून, एकाच हाताला का, हात स्वस्थ असतानाही होतं का, एवढं विचारलं. मग स्वतःच दोरा घेतला.

"मासा कुठे आहे ते तुम्ही सांगा. गाठ मी मारतो."

पाच वेढे झाले.

"थुंका," इडवल म्हणाला.

हॅवर्डनं वर बघितलं.

"थुंका म्हणतोय ना."

तीस वर्षं अख्ख्या खोऱ्याला खुर्चीत आडवं करून 'थुंका' म्हणणारा माणूस! मी तोंड फिरवलं. हॅवर्ड निमूट थुंकला. इडवलनं त्याला थांबवून ठेवलं, पाण्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, आता, बांधाला लागून. किलोभराचा मासा आला आणि गाठ टिकली.

चहा घेताना हॅवर्डनं पास लिहिला. यंदाचा हंगाम, फक्त काठावरून, होडी नाही. एप्रिल संपायच्या आत डॉक्टरचं पत्र आणायचं, नाहीतर पास परत. इडवल वाद घालेल असं वाटलं होतं. त्यानं दोन्ही हातांनी कप धरून चहा संपवला.

मंगळवारी मीच त्याला गाडीनं हॉस्पिटलला नेलं. चाळीस मिनिटांचा रस्ता. तो उजवा हात मांडीखाली दाबून बसला होता. मी ठरवलं होतं, मेन्ना, तुझ्या तोंडानं पुष्कळ केलंय, आता मिटून ठेव. पुलापर्यंत ठेवलं.

"काहीतरी बोल ना," इडवल म्हणाला. "तू गप्प बसलीस की वाटतं, तुला आधीच काहीतरी कळलंय."

मला काहीच कळलं नव्हतं. पुढे एक लॉरी मेंढ्या घेऊन चालली होती. त्यातली एक मागे तोंड करून आमच्याकडे बघत होती. मी तिच्यापासून सुरुवात केली, आणि हॉस्पिटलचं फाटक येईपर्यंत थांबले नाही.