मेलवीदीचा लाल सिग्नल आणि माझे नवे बूट

अंगात येणं, सावल्या दिसणं असलं सांगणाऱ्यांना मी मनातल्या मनात मूर्खच म्हणत आलो. आता तुम्ही मला म्हणा, चालेल. माझं मराठी तंजावूरचं, घरात बोलायचं... लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

आम्ही राजवाड्यामागच्या गल्लीत राहतो. अप्पा ऑटो चालवतात. घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. या वर्षी आमच्या चार मोठ्या रस्त्यांवर एआयचे सिग्नल बसले. कॅमेरे गर्दी बघतात, यंत्र दिवे ठरवतं, आणि कुठून जायचं ते फोनवरच्या नकाशातून सांगतं. अप्पांना त्याचा भयंकर तिटकारा. "काल आलेलं डबडं मला रस्ता शिकवतंय! ह्याच्या आज्यानं तरी तंजावूर बघितलंय काय?"

त्या सकाळी माझा कॅम्पस इंटरव्ह्यू होता. दहाला गेट बंद. नवे बूट — आयुष्यातले पहिले — घालून मी अप्पांच्या ऑटोत मागे बसलो. मेलवीदीच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या मोठ्या रस्त्याच्या, टोकाला चौकात सिग्नल लाल. चारी बाजूंना लाल. समोर मेलवीदी मात्र रिकामी... एक सायकलसुद्धा नाही.

"पुढे मोठं संथ वाहन आहे, थांबा," फोन तमिळमध्ये म्हणाला.

"कुठं आहे वाहन? तुझ्या डोक्यात?" अप्पा फोनवर खेकसले. मग चौकातल्या पोलिसाला म्हणाले, "काय सार, झोपलंय काय हे?"

"मला काय विचारता अण्णा? आता सगळं तेच बघतं. मी नुसता उन्हात उभा राहायला."

मी नकाशा बघत होतो. मेलवीदीवर एक लाल पट्टा सरकत होता — माणसाच्या चालीनं, आमच्याच दिशेनं. पिल्लैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळापुढे थांबला. सरकला. मारुतीपुढे थांबला... ही चाल मला ठाऊक होती. दर वर्षी मोठ्या कोविलचा, म्हणजे मोठ्या देवळाचा, रथ दोरांनी ओढत याच चार रस्त्यांवरून नेतात. याच देवळांपुढे तो थांबतो, आणि जवळ आला की आम्ही सगळे गाड्यांवरून उतरून पायातलं काढतो. पण रथ तर उन्हाळ्यातच होऊन गेला होता.

"उतर डा पोरा," अप्पा म्हणाले. "चौक पळत ओलांड, पलीकडे दुसरा ऑटो मिळेल. ह्या डबड्यापायी नोकरी घालवू नको."

अगदी बरोबर होतं. वेळही होता. मी उतरलो.

तेवढ्यात पट्टा चौकात आला, आणि मागचे हॉर्न बंद पडले. कुणी काही सांगितलं नाही... नुसते बंद पडले. पट्टा हळूहळू वळत होता. रस्ता रिकामा. मी उभाच होतो, किती वेळ ते सांगता येत नाही. अप्पाही खाली, माझ्या शेजारी. मग दिवा हिरवा झाला.

कॉलेजला पोचलो तोवर दहा वाजून गेले होते, गेटला कुलूप होतं. वॉचमननं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि हसला. "बूट हातात घेऊन इंटरव्ह्यूला आलास, तंबी?"

तेव्हा मला कळलं. मागे वळून अप्पांकडे पाहिलं — तेही अनवाणी. त्यांच्या चपला चौकातच राहिल्या होत्या.

नंतर मी सिग्नलच्या इंजिनिअरला गाठलं. तो म्हणाला, "जुन्या उत्सवाच्या डेटावरून शिकलं असेल." कॅमेरे तर रथानंतर बसलेत, मी म्हटलं. "मग लेन्सवर धूळ असेल." धूळ देवळापुढे थांबते वाटतं! एवढ्या पगाराचा माणूस, आणि हे उत्तर. शेजारची अक्का म्हणते, "सामी निघाला असेल." सामीला, म्हणजे देवाला, माझ्या इंटरव्ह्यूचाच दिवस सापडला? दोघांचीही उत्तरं मला सारखीच फालतू वाटतात.

नोकरी गेली ती गेलीच. अप्पांना विचारलं की ते "डबडं ते!" एवढंच म्हणतात आणि उठून जातात.

यंत्र चुकलं, हे मी मान्य करतो. यंत्रं चुकतात. पण त्यानं फक्त दिवा लाल केला... माझ्या बुटांच्या नाड्या कुणी सोडल्या, हे मला अजून कळलेलं नाही.