ओली नाय झाली

समस्त जनतेस जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, किन्हवलीजवळच्या आमच्या वाडीत यंदा दिवाळीनंतर एका पन्नाशीला टेकलेल्या, गुडघ्यांनी बेजार गृहस्थाची कॅमेरामन म्हणून नेमणूक झाली. पगार नाही, रजा नाही आणि राजीनाम्याची सोय तर अजिबात नाही, कारण नेमणूक त्याच्या सख्ख्या मुलीनं केली होती. तो गृहस्थ मी.

मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षांपूर्वी तिनं फोनवर कुठल्या तरी परदेशातल्या पोरांचे व्हिडिओ बघितले. चार चाकांच्या फळीवर उभी राहून ती पोरं पायऱ्यांवरून उड्या मारायची, तोंडावर आपटायची, रक्ताळलेल्या दातांनी हसायची आणि पुन्हा पायऱ्या चढायची. एवढं बघितल्यावर कुठलाही शहाणा माणूस फोन बाजूला ठेवील. हिनं वाशिंदच्या मैत्रिणीकडून जुना स्केटबोर्ड आणला.

वाशिंदच्या नव्या इमारतींत अशी पाच-सहा पोरंपोरी आहेत. त्यांच्यात टाळ्या वाजवत नाहीत. कुणाला उडी जमली की बाकीचे आपापला बोर्ड जमिनीवर ठोकतात, बस्स. एकदा मी भारावून टाळ्या वाजवल्या, तर मयताला बँड घेऊन आल्यासारखे सगळे माझ्याकडे बघायला लागले.

यंदा तिला मुलींच्या एका शिबिराचा पत्ता लागला. दहा दिवस खऱ्या स्केटपार्कात राहायचं, जेवणखाण त्यांचं, शिकवायलाही मुलीच. तिनं आजवर स्केटपार्क फक्त फोनच्या काचेवर पाहिलेला. त्या शिबिरासाठी ती काय वाटेल ते करायला तयार होती. भांडीसुद्धा घासत होती. निवडीसाठी एक व्हिडिओ पाठवायचा होता. अडथळ्यावरून उडी, मध्ये कुठं कापायचं नाही, आणि उतरल्यावर बोर्ड पुढं चालत गेलेला दिसला पाहिजे. मुदत शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत.

आता उडी मारायची कुठं? रोज वाशिंद गाठणं जमण्यातलं नव्हतं. आमच्या रस्त्यावर त्या चाकांखाली एक खडा आला की बोर्ड जागच्या जागी आणि माणूस पुढच्या गावाला. वाडीत गुळगुळीत जागा एकच, समाजमंदिरापुढचा सिमेंटचा कोबा. पण दिवाळीनंतर कोबा माणसांचा नसतो, धान्याचा असतो. शेजारच्या काकींची नाचणी तिथं वाळत होती. काकी सत्तरीच्या, अख्ख्या वाडीच्या काकी. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीतलं ते वर्षाचं धान्य, आणि आभाळ रोज दुपारी काळं होऊन भीती घालायचं. तरी काकींनी मोठं मन केलं. चारनंतर त्या कणसं अर्ध्या कोब्यावर ओढून घ्यायच्या, उरलेला अर्धा आमचा.

मी मुरबाडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला असतो. दिवसभर उभा, येताना जीपमध्ये निम्मा बाहेर. घरी येऊन चहा प्यायचा, तर दारात मुलगी बोर्ड घेऊन उभी.

"पप्पा, चला. उजेड जाईल."

"अगो, जाऊ दे त्याला. मीही त्याच्याबरोबर जातो."

चित्रण उभ्यानं करता आलं असतं तर माझी तक्रार नव्हती. पण स्केटबोर्डचे व्हिडिओ खालून काढायचे असतात. फोन उलटा धरायचा, म्हणजे कॅमेरा जमिनीलगत येतो आणि वीतभर उडी हातभर दिसते. ही लबाडी जगभर मान्य आहे. त्यासाठी मी उकिडवा बसायचो, आणि उठताना कोब्यालगतच्या काकींच्या ओट्याला धरून उठायचो.

त्या उडीला म्हणतात ओली. पायानं बोर्डाचं शेपूट आपटायचं आणि बोर्डासकट हवेत जायचं. अडथळा म्हणून आम्ही पालथं घमेलं ठेवलं होतं. मुलगी यायची, उडायची, घमेलं खणखणायचं, बोर्ड एकीकडं आणि ती दुसरीकडं. हे दहादा, वीसदा, रोज. कोपरं सोलली, पँट गुडघ्यावर फाटली. मग बसल्या बसल्या रडवेली म्हणायची, "नाय झाली."

पहिल्याच दिवशी काकींनी ओट्यावरून विचारलं, "काय नाय झाली गो?"

"ओली नाय झाली, काकी."

काकींनी नाचणीकडं पाहिलं, मग आभाळाकडं पाहिलं. "बरं झालं बाय! नायच होवं."

मी फोडणीतल्या मोहरीसारखा हसत सुटलो. त्यांना खरं काय ते सांगायला हवं होतं. पण दिवसभराच्या शिणानंतर तेवढीच काय ती करमणूक, म्हणून नाही सांगितलं. मग रोजचंच झालं. पोरगी पडली की काकी स्वतःहून विचारायच्या, "झाली काय गो ओली?" ती म्हणायची, नाय. काकी म्हणायच्या, देव पावला. एका कोब्यावर दोन बायका, एक रोज ओली व्हावी म्हणून जिवावर उदार झालेली, दुसरी होऊ नये म्हणून हात जोडून बसलेली.

शनिवारी मी आलो तेव्हाच गुडघे सुजले होते. आभाळ पार काळवंडलेलं. काकी आत चुलीशी होत्या, पण कान बाहेर. साडेपाच वाजले. घमेलं वाजतच होतं. मुलगी आता 'नाय झाली' म्हणायलाही थांबत नव्हती. पडायची, उठायची, माघारी चालत जायची. तिचा चेहरा बघून मलाही विनोद सुचेना. मी फोन जमिनीला लावून बसलो आणि उठणं सोडूनच दिलं.

मग चाकांचा आवाज आला, शेपूट आपटलं, आणि घमेलं वाजलं नाही. बोर्ड पलीकडं उतरला. वर ती उभी!

"झाली!" ती जिवाच्या आकांतानं ओरडली. "ओली झाली! ओली झाली!"

काकी घरातून कशा बाहेर आल्या ते मला दिसलं नाही. दिसली ती ताडपत्री. "अगो बाय, माझी नाचणी!" असा टाहो फुटला आणि निळी ताडपत्री झेप घेऊन नाचणीवर, कॅमेऱ्यावर आणि माझ्यावर पडली.

आम्ही व्हिडिओ बघितला. उडी स्वच्छ होती. बोर्ड जमिनीला टेकतो, आणि त्यापुढं सगळं निळं. निळ्यातून काकींचा आणि माझा आवाज. सहाला दहा कमी होते. काकी ताडपत्रीच्या कडांवर दगड ठेवत होत्या, आमच्या वाटणीचा निम्मा कोबाही झाकला गेला होता. मुलीनं तोच व्हिडिओ पाठवला. त्या संध्याकाळी पावसाचा एक थेंब पडला नाही.

उत्तर पाचव्या दिवशी आलं. बाहेरची व्यक्ती मध्ये आल्यामुळं उतरल्यानंतरचा भाग दिसत नाही, सबब निवड करता येत नाही. मुलीनं दोनदा वाचलं, फोन माझ्याकडं दिला आणि ओट्यावर जाऊन बसली. मी तिच्या शेजारी बसलो. पहिल्याच दिवशी काकींना त्या शब्दाचा अर्थ सांगितला असता तर, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

तेवढ्यात काकी सूप घेऊन आल्या. आमची तोंडं बघून थबकल्या.

"काय झालं गो? नाय घेतलं तुला?"

"नाय, काकी."

"का पन? उडायचीस तर चांगली!" मग त्यांचा आवाज बारीक झाला. "माझ्यामुळं काय गो? त्या दिशी मी मधी आले, तर..."

मुलीनं माझ्याकडं पाहिलं. नजरेनं आधीच माफी मागितलेली.

"छे हो काकी, तुमचं काय नाय. पप्पांचा हात हलला."

काकींनी एक मोठा श्वास सोडला. त्यांचा जीव भांड्यात पडला आणि डोळे माझ्याकडं वळले. मी मान खाली घालून कबुली दिल्यासारखा बसलो.

"अरे, एवढा मोठा घोडा झालास," काकी कडाडल्या, "आनि पोरीसाठी एक फोन नाय धरता येत तुला?"