आंबेखोलच्या देवळात माझ्या नावाचं गाऱ्हाणं

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की एसटी आंबेखोलच्या देवळापर्यंत जाते. ती जात नाही. ती खालच्या तिठ्यावर सोडते आणि तिथून देऊळ तासाभराच्या चालीवर आहे, तीही चढाची. दुसऱ्या मजल्यावरच्या वैद्यवहिनी सासूबाईंना घेऊन तिकडे जायचं म्हणतात असं ऐकल्यापासून मला चैन नाही. माझी चूक झाली ती अशी, की मला तिठ्यावरून खाणीच्या ट्रकने वर नेलं आणि लिहिताना एसटी नि ट्रक यांची वाट मी एकच धरली. तो ट्रक माझ्यासाठी का थांबला, ते मात्र लिहायचं राहिलं होतं. आपल्या मंडळाच्या हस्तलिखितात या खेपेला जागा आहे, तेव्हा सगळं पहिल्यापासून लिहिते.

माझी मावशी आंबेखोलला असते. काका तिथल्या लोखंडाच्या खाणीवर हजेरी घेतात. माघात तिने बोलावलं आणि आईने लगेच होकार दिला, कारण गिरगावात मुंबईसाठी रोज सभा आणि मोर्चे, आणि मी ठाकूरद्वारापर्यंत गेले तरी तिचा जीव खालीवर होई. मला सभांची नाही, बोटीची भीती होती. भाऊच्या धक्क्यावर मी तिकीट इतक्या वेळा चाचपून पाहिलं की शेजारची बाई म्हणाली, "बाय, पळूचा नाय ता."

डेकवर सतरंजी अंथरायची तर आधी जाऊन चिमणीपासून लांबची जागा धरा, नाहीतर कपड्यांवर काजळी बसते. सोबत दशम्या आणि लिंबाचं लोणचं घ्या. पोट ढवळलं तर लोणच्याचाच आधार. वेंगुर्ल्याला बोट धक्क्याला लागत नाही. पडावात उतरावं लागतं, आणि खलाशी सांगेल त्याच क्षणी पाय टाकायचा. मी विचार करत राहिले, तर त्याने मला दंडाला धरून पोत्यासारखं आत ठेवलं. बंदरावरच्या खाणावळीत सहा आण्यांत पोटभर भात आणि बांगड्याची कढी मिळाली.

तिठ्यावर उतरले तेव्हा माझ्या हातात एक ट्रंक, छत्री आणि मावसभावंडांसाठी घेतलेल्या लिहायच्या पाट्यांचा गठ्ठा होता. ट्रक थांबला. ड्रायव्हरने पाट्यांकडे पाहिलं, माझ्या चष्म्याकडे पाहिलं आणि काही न विचारता ट्रंक उचलून मागे ठेवली. "चला बाई. वाट बघतत सगळे." मावशीच वाट बघत असणार, म्हणून मी चढले.

वरचा मुलूख मी कधी पाहिला नव्हता असा. काजूला मोहोर आलेला, त्याचा गोडसर वास, आणि वळण संपलं की अख्खा डोंगर कापलेला, आतून काळा-तांबडा. बायका डोक्यावर खनिजाच्या पाट्या घेऊन ओळीने उतरत होत्या. दांडीवर वाळत घातलेली लुगडी मुळात कुठल्या रंगाची होती ते ओळखता येत नव्हतं. ढिगाऱ्यांच्या सावलीला त्यांची मुलं बसली होती.

ट्रक देवळापाशी थांबला. तिथे पंधरावीस माणसं होती. एका म्हाताऱ्याने विचारलं, "मुंबय गावली काय गो आमका?"

"अजून नाही," मी म्हटलं.

"मगे तू हडे कशी इलंस? थंय माणसां कमी पडतली मां."

सगळे हसले. ते म्हातारे म्हणजे गावकर, गावातर्फे देवापुढे तेच बोलतात. त्यांनी मला पुढे उभं केलं आणि भराभर म्हणू लागले, "बा देवा म्हाराजा, ही मुंबयची चेडू आज तुझ्या पायाकडे इली हा. हिका बळ दी, हिच्या वाटेतली इडापिडा भायल्या भायर कर रे म्हाराजा." दर वाक्याला सगळे "व्हय म्हाराजा" म्हणत. पाहुण्यासाठी आशीर्वाद मागताहेत असं समजून शेवटी मीही म्हणाले. गप्प राहणं उद्धटपणाचं दिसलं असतं.

संध्याकाळी मावशी पेज वाढताना हसून बेजार झाली. "अगं, ते गाऱ्हाणं होतं. स्कूल बोर्डाची मास्तरीण यायची होती, ती तूच असं धरून चालले ते. ही आमची शाळा चालवील, असं तुझ्या नावाने देवाला सांगितलं त्यांनी."

"आणि मी हो म्हणाले?"

"सगळ्यांपेक्षा मोठ्यांदा, असं ड्रायव्हर सांगत होता."

काका हसले नाहीत. देवळामागे शाळेची एक खोली आहे. पहिला मास्तर पावसाआधी गेला, दुसऱ्याला हिवताप धरला. नवी मास्तरीण येणार नाही, असा निरोप त्याच दुपारी आला होता. पावसाला सुरुवात होईपर्यंत कोणी रुजू झालं नाही, तर खोली घमेली-पहारी ठेवायला ठेकेदाराला जाणार. "तू मॅट्रिक आहेस, बोर्डाला चालेल," एवढंच ते बोलले.

मी दहा वर्षांची होईपर्यंत घरीच शिकले, वडिलांकडे आणि काकूकडे. पुढे शाळेत गेले तरी इतरांना ठाऊक असलेलं काहीतरी आपल्याला शिकवायचं राहून गेलंय, असं मला अजून वाटतं. मी कोणाला काय शिकवणार? पण देवापुढे हो म्हटलं होतं, आणि ते चुकून म्हटलं असं सगळ्या गावाला सांगणंही भाग होतं.

सकाळी गावकरांकडे गेले. ते ओटीवर विडा कुटत होते. सगळं ऐकून म्हणाले, "चुकी आमची. उलट गाऱ्हाणा घालूक येता. एक नारळ ठेवया, तू मोकळी."

"इतकं सोपं आहे?"

"देव काय मुकादम हा? सांगला की ऐकता."

तेवढ्यात शेवंता आली. ती खाणीवर पाटी वाहते, आणि तिची मुलगी सातेक वर्षांची आहे. माझ्याशी न बोलता ती गावकरांनाच म्हणाली, "नारळ आजच फोडू नकात. माझ्या चेडवान हजेरीक आंगठो लावू नये, माका इतकाच व्हया." मग माझ्याकडे वळून, "रागावू नको हां बाय. तुझ्यार जोर नाय."

मी म्हटलं, "आजोबा, पावसामुळे बोटी बंद होईपर्यंत थांबाल?"

"थांबतंव. नारळ काय कुसना नाय."

उरलेले दिवस मी खाणीच्या वाटेने खाडीपर्यंत हिंडले. वैद्यवहिनींना सांगते, खाडीवरची सूर्यास्ताची वेळ चुकवू नका. समोरचा डोंगर पोर्तुगिजांचा, आणि दोन्हीकडे काजूचा वास तोच.

घरी येऊन दोन महिने झाले. मी बोर्डाकडे अर्ज धाडला म्हणून आईने अबोला धरला आणि सोडला. शिवाजी पार्कच्या सभेहून घसा बसवून आलेले वडील म्हणाले, "मराठी राज्य मागतो आम्ही, त्याचं टोक तिकडेच कुठेतरी असणार ना? पण हिवतापाच्या गोळ्या घेऊन जा." रात्री ते मला बाराखडी कशी शिकवली होती ते आठवून सांगतात, आणि मी विचारते, मुलाला येईनासं झालं की काय करायचं. ते म्हणतात, "थांबायचं. तू फार वेळ लावायचीस."

मला अजूनही खात्री नाही. पण ती येईल म्हणून वाट बघत बसले तर बोटी बंद होतील. बोर्डाचं उत्तर आलं आहे, डेकचं तिकीट काढलं आहे. नारळ फोडू नका, असा निरोप काकांना पत्र लिहून गावकरांना धाडला. वैशाख वद्य पंचमी, सोमवारी सकाळच्या बोटीने मी निघते.