आत्याबाईंचं खोपट

आत्याबाईंना राग आला की त्या पेटलेला चुट्टा जमिनीवर दाबून विझवत. तोंडातून एक शब्द नाही. अर्धा राहिलेला चुट्टा अशा काही जोरानं मातीत दाबायच्या, की समोरच्याला वाटावं आपलीच मान दाबली जातेय. मग ते थोटूक पदराच्या टोकात बांधायचं आणि उठून जायचं. दिघोरीच्या आमच्या घरात त्या कोणावर रागावल्या आहेत हे सारवलेल्या जमिनीवरच्या काळ्या डागांवरून कळे. डाग ओसरीसमोर असला तर मामंजींवर, म्हणजे माझ्या सासऱ्यांवर. चुलीच्या दाराशी असला तर सासूबाईंवर. मी लग्न होऊन त्या घरात आले, त्या पहिल्या सकाळी माझ्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर तीन डाग होते.

आत्याबाई मामंजींची थोरली बहीण. नात्यानं माझी आतेसासू, पण सारं गावच त्यांना आत्याबाई म्हणायचं. सोळाव्या वर्षी नवरा गेला तेव्हा त्या माहेरी परत आल्या. आई आधीच गेलेली, भाऊ चार वर्षांचा. त्याला कडेवर घेऊन त्यांनी घर सांभाळलं, आणि तो मोठा होईपर्यंत धानाची शेतीही. रोवण्याच्या दिवसांत वीस-वीस बायांची रांग त्या बांदीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उभी करायच्या आणि स्वतः पहिल्या उभ्या राहायच्या. दिवसभर चिखलात उभं राहून पाय गोठतात, म्हणून जुन्या बायांनी त्यांना चुट्टा शिकवला. बाजारातून तंबाखूची पानं आणायच्या, पाण्याचा हात लावून मऊ करायच्या आणि मांडीवर वळून बोटाएवढा जाड चुट्टा करायच्या. कोणी म्हटलं, बिडी ओढा, स्वस्त पडते, तर म्हणायच्या, "बिडी चालता चालता होते. चुट्ट्याले बसा लागते. मले बसाचं हाये."

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. माहेर भंडाऱ्याचं, वडील कचेरीत कारकून, मी मॅट्रिक झालेली. आल्यावर आत्याबाईंच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी पाय आखडून घेतले. म्हणाल्या, "राहू दे. तुले वास येईन." मला काही कळलं नाही. मी पाण्याचा तांब्या नेला, त्यांनी तो तसाच ठेवला आणि स्वतः उठून रांजणातून पाणी घेतलं. पुढे हे रोजचंच झालं. माझ्या हातचं पाणी नाही, माझ्या हातचा चहा नाही. मी समोरून आले की त्या पाठ करायच्या. मी नवऱ्याला विचारलं. ते गावच्या शाळेत मास्तर होते, घरात मात्र एका वाक्याच्या पुढे जात नसत. म्हणाले, "तिचा स्वभावच तसा आहे." मीही तेच धरून बसले. मोठ्या माणसाला विचारायचं कसं, हा एक धाक, आणि मनातून मलाही राग होताच. मी या बाईचं काय वाकडं केलं होतं?

हिवाळा लागला. दिघोरीची थंडी तलावावरून येते. धान कापून झालेलं असतं, बांद्या रिकाम्या पडलेल्या, वाऱ्याला अडवायला काही नाही. पौष महिन्यात एका सकाळी मी शेण टाकायला सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात गेले, तर गुरांच्या कोठ्याच्या मागच्या भिंतीला टेकून आत्याबाई उकिडव्या बसलेल्या. डोक्यावरून पोतं घेतलेलं. हात इतके थरथरत होते की काडी चुट्ट्यापर्यंत पोचायच्या आधी विझत होती. तीन काड्या गेल्या. चौथी पेटली आणि पहिल्याच झुरक्याला खोकल्याची अशी उबळ आली की त्या जमिनीवर हात टेकून वाकल्या.

मी जाऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, "आत्याबाई, चुलीजवळ येऊन बसा ना. इथं कशाला बसता?"

त्यांनी माझा हात झटकून टाकला. "चुलीजवर तुई सासू बसते. ओसरीवर तुया सासरा बसते. मी कुठी बसू? माई जागा होती, ते तुनं ठेवली काय?"

"मी?"

"मंग कोन? मी?" आणि चुट्टा मातीत दाबून त्या निघून गेल्या.

मी शेणाची पाटी तिथंच ठेवली. मग सरळ सरजाबाईंच्या घरी गेले. सरजाबाई आमच्याच शेतात कामाला यायच्या, आत्याबाईंच्या वयाच्या. त्यांनी आधी विषय टाळला. मी उठत नाही म्हटल्यावर बोलल्या.

सांदवाडीच्या कोपऱ्यात आत्याबाईंचं एक खोपट होतं. त्यांनी स्वतः बांधलेलं. दहा-बारा हिवाळे त्या तिथं बसल्या होत्या. संध्याकाळी शेतावरून आल्या की आत जायच्या, आणि सरजाबाई व आणखी दोघी-तिघी कामाच्या बाया सोबत बसायच्या. कोणी चुट्टा ओढायचं, कोणी दाताला तंबाखूचा गुडाखू लावायचं. "बाई, तितं हीव येतच नव्हतं," सरजाबाई म्हणाल्या. "आमच्या घरी नाई एवढी ऊब होती." माझं लग्न ठरलं आणि महिनाभरानं आत्याबाई आंधळगावला एका बाळंतिणीकडे आठ दिवस गेल्या. परत आल्या तेव्हा कोपरा साफ होता. मामंजींनी गडी लावून खोपट पाडलं होतं. बहिणीला सांगितलं, "येनाऱ्या सुनेले दमा हाये. तिले धूर चालत नाई. तिच्या बापानं अट घातली."

मला दमा! माझ्या वडिलांच्या बिडीच्या धुरात मी लहानाची मोठी झाले होते. आमच्या दोन खोल्यांत धूर नसलेला एक कोपरा नव्हता. माझ्या वडिलांनी अट कसली घालायची, लग्न पार पडेपर्यंत ते हात जोडूनच उभे होते. खरी गोष्ट सरजाबाईंनी हळूच सांगितली. भंडाऱ्याचे पाहुणे येणार, आणि घरची थोरली बाई मजूर बायांबरोबर चुट्टा ओढत बसलेली त्यांना दिसणार, याची मामंजींना लाज वाटत होती.

मी घरी आले ती तरातरा. डोक्यावरचा पदर पडला होता, तो सावरला नाही. ओसरीवर मामंजी चहा घेत होते, नवरा शाळेला निघायच्या तयारीत.

मी विचारलं, "मामंजी, मला दमा आहे असं तुम्ही आत्याबाईंना सांगितलं?"

त्यांनी बशी खाली ठेवली. नाकारलं नाही, याचंच मला अजून नवल वाटतं. शांतपणे म्हणाले, "कोनाचं तरी नाव घ्याच लागत होतं, बाई. माह्या नावानं ते आयकली नसती. तू नवीन होती. कालांतरानं विसरून जाते मानूस."

"त्या माझ्या हातचं पाणी पीत नाहीत आठ महिने झाले!"

"पेईन. जाईन कुठी?"

जाईन कुठी! त्या दोन शब्दांनी माझं डोकं फिरलं. हेच त्यांना ठाऊक होतं. हिला जायला जागा नाही, म्हणून हिची जागा घेता येते. मी नवऱ्याकडे पाहिलं. ते चपलेचा पट्टा लावत होते. लावून झालेला पट्टा पुन्हा काढून लावत होते. म्हणजे त्यांनाही सगळं माहीत होतं. मी ज्या माणसाला विचारलं होतं की माझं काय चुकलं, त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मामंजींवरचा राग एक वेळ ओसरला असता. हा राग मात्र माझ्या संसारात खिळ्यासारखा राहिला.

आत्याबाई खळ्यावर धान वारवत होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि माझ्या छातीकडे बघितलं, जणू दमा तिथं दिसणार होता.

"दमा नाई तुले?"

"नाही. कधीच नव्हता."

मला वाटलं, जवळ घेतील, रडतील. त्या ओरडल्या. "मंग तुनं विचारलं काहून नाई? आठ महिने तोंडात काय धरून बसली होती? मी रोज तुया तांब्या परत करून राहिली, अन् तू गुमान घेऊन जाऊन राहिली!" मला रडू फुटलं आणि मी पण ओरडले, "तुम्ही तरी कुठे विचारलंत?" खळ्यावरच्या बाया हातातलं काम टाकून आमच्याकडे बघत राहिल्या. मग आत्याबाई खाली बसल्या. म्हणाल्या, "पानी आन."

मी आणलं. त्यांनी अख्खा तांब्या संपवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या कोपऱ्यात उभ्या राहिलो. सगळ्यात जास्त चीड मला तिथं आली. पाडलेल्या जागेवर मामंजींनी काहीच केलं नव्हतं. ना कणगी ठेवली, ना लाकडं रचली. जागा नुसती रिकामी पडली होती.

खोपट कसं बांधायचं ते मी आत्याबाईंकडून शिकले. आधी हातभर माती काढून खड्ड्यात धानाचा कोंडा भरायचा, त्यावर चिकणमाती चोपायची, म्हणजे खालून गारवा चढत नाही. पाठ तलावाकडे, दार उन्हाकडे. धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, तुरीच्या काड्यांचा कूड, त्याला दोन्हीकडून शेणमातीचा लेप, वर तणसाचं, म्हणजे धानाच्या पेंढ्याचं, जाड छप्पर. भिंतीला लागून मातीचा बसका ओटा. छपराच्या खाली, माणसाच्या डोक्याच्या वर, वीतभर भोक. मी विचारलं, यातून थंडी नाही येणार? म्हणाल्या, "धुराले जायाले वाट देल्ली तर तो भांडत नाई. नाई देल्ली, तर डोऱ्यात येऊन बसते." मध्ये मातीची शेगडी. तिच्यात विस्तव ठेवून वरून कोंडा टाकला की तो दिवसभर धुमसत राही, आत गेलं की पाच मिनिटांत बोटं मोकळी होत.

मामंजी पहिल्या दिवशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "सूनबाई, लोक काय म्हनतीन?"

मी चिखलात हात बुडवून बसले होते. म्हटलं, "लोकांना सांगा, सुनेचा दमा बरा झाला."

सरजाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मामंजी पुन्हा त्या बाजूला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझा नवरा शाळेतून येऊन छपराला बांधायला दोरी घेऊन आला. आत्याबाईंनी त्याच्याकडे न बघता म्हटलं, "तू नको हात लावू." तो दोरी ठेवून गेला. ती दोरी त्यांनी वापरली नाही, कोठ्यातल्या गाईला बांधायला दिली.

पुढचे आठ हिवाळे ते खोपट उभं होतं. बाया परत आल्या. मीही कामं आटोपून जायची, ओट्यावर बसून तांदूळ निवडायची. एकदा त्यांच्या हातातला चुट्टा ओढून पाहिला तर डोळ्यांपुढे अंधारी आली. आत्याबाई म्हणाल्या, "आता खरंच दमा होईन तुले," आणि मी त्यांना पहिल्यांदा खळखळून हसताना पाहिलं. भावाशी मात्र त्या शेवटपर्यंत बोलल्या नाहीत. एका घरात, एका चुलीचं जेवून, आठ वर्षं. मामंजींनी दोन-तीनदा माझ्याकरवी निरोप पाठवला. त्या म्हणायच्या, "त्याले लाज वाटली, ते मले समजते. पोरीचं नाव काहून घेतलं?"

एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. खोकला वाढत गेला. मी त्यांना एसटीनं भंडाऱ्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, तंबाखू आजपासून बंद. आत्याबाई त्यांच्यावरच उखडल्या, "चालीस वरसं पान्यात उभी राहिली, तवा कोनी नाई आलं सांगाले!" घरी आल्यावर मी हात जोडून म्हटलं, सोडा आता. त्या दिवशी डाग माझ्यासमोर पडला. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी खोपटातून हाक आली आणि मी गेले. त्यांना तिथं बसू द्यावं की ते खोपट मीच मोडावं, याचा मी खूप विचार केला. मोडलं नाही. बरोबर केलं असं मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. त्या धुरानंच त्यांना नेलं, आणि तो धूर ओढायला ऊबदार जागा मी माझ्या हातांनी लिंपून दिली होती. याचा राग कोणावर काढायचा, हे मला कळलेलं नाही.

पुढच्या मार्गशीर्षात त्या गेल्या.

तेरवी झाली, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खोपटात शेगडी पेटवून बसले होते. घरात बसवत नव्हतं. दाराशी सावली पडली. मामंजी. अंगावर घोंगडी, तरी दात वाजत होते. एवढ्या वर्षांत ते पहिल्यांदा तिथं आले होते.

"इतं बसू काय जराशीक?" त्यांनी विचारलं.

ओट्यावर जागा होती. मी सरकले असते तर ते बसले असते.

"माई बहीन होती ते," ते म्हणाले.

"होती," मी म्हटलं, आणि सरकले नाही.

ते थोडा वेळ वाऱ्यात उभे राहिले. मग कोठ्याच्या भिंतीला हात लावत लावत घराकडे गेले. म्हातारा माणूस होता, बाहेर थंडी होती. मी शेगडीत आणखी मूठभर कोंडा टाकला.