नव्या बेअरिंगला कुंकू

उसाचा हंगाम संपला की साखर कारखाना झोपतो, असं बाहेरच्यांना वाटतं. आम्हा पंपवाल्यांची खरी कामं तेव्हाच सुरू होतात. पारगावकडच्या एका कारखान्यात मी फिटर आहे. पावसाळाभर पंप उघडायचे, झिजलेलं काढायचं, नवे भाग आणून ठेवायचे आणि दसऱ्यापासून जोडणीला लागायचं, असं आमचं वर्ष.

आमच्या हाताखाली एक मावशी आहेत. शिनोलीच्या वरच्या डोंगरातल्या. नवरा गेल्यापासून भावाकडे राहतात. आमचं पंपांचं खातं झाडायचं, काढलेले भाग डिझेलमध्ये धुऊन पोत्यावर मांडायचे, हे त्यांचं काम. भाताची रोपं लावावीत तसे नटबोल्ट लावतात, एक ओळ वाकडी खपत नाही. पण त्या रोजंदारीवर. दर हंगामाला इंजिनिअर साहेबांनी हो म्हटलं तरच गेटच्या आत.

खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुजतो. पाने, पुलर, हातोडे पुसून पोत्यावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही. गेल्या वर्षीही नारळ फोडून आम्ही घरी गेलो. झाडलोट करायला मावशी मागे राहिल्या.

सकाळी येऊन बघतो तर पोत्याच्या मधोमध मोठ्या पंपाचं नवं बेअरिंग! वरचा तेलकट कागद सोडलेला, सगळं हळदकुंकवानं माखलेलं आणि आतल्या गोळ्यांच्या फटीफटीत अक्षता. जोडायच्या क्षणापर्यंत आम्ही नवं बेअरिंग कागदातून काढत नाही. आत एक कण राहिला तरी ते फिरता फिरता स्वतःलाच खातं. हा पंप रस आटवायच्या भांड्यांतली वाफ थंड करायला पाणी पुरवतो, तो बसला की सगळा कारखाना बसला. चाचणी दुसऱ्याच दिवशी, आणि दुकानं सणाची बंद.

मी मुळात तापट. तोंडाचा पट्टा सुटला. "ओ मावशी, अक्कल गहाण टाकली का? हे काय लग्नाचं रुखवत आहे?"

मावशी बावरल्या. "भाऊ, नवं व्हतं. आमच्यात नवा इळा आणला तरी आधी कुंकू लावत्यात, मग वावरात नेत्यात. आन् देवापुढं कागदात गुंडाळून कसं ठिवायचं?"

आमचे थोरले मिस्त्री मात्र पोट धरून हसत सुटले. "राव, नवरीचा मळवट भरलाय मावशीनं. आता आंघोळ घाला तिला."

परातीत डिझेल ओतून आम्ही बेअरिंग धुवायला बसलो. तारेनं ओरखडे पडतील म्हणून मावशी झाडूच्या काडीनं एकेक अक्षत काढत होत्या. डिझेल लाल झालं की फेकायचं, नवं ओतायचं. तेवढ्यात इंजिनिअर साहेब आले. वयानं लहान, पण नजर तिखट. परात बघून सगळं कळलं त्यांना.

"कुणी केलं हे? ज्यानं केलं, तो या हंगामाला आत येणार नाही."

मावशी हात पुसत उठल्या. खोटं बोलायची सवय नाही ना! मघाशी मीच त्यांना फाडून खात होतो, आणि आता त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच बोलून गेलो.

"आम्ही केलं साहेब. पूजा खात्याची, कुंकूही खात्याचं."

"समद्यांनाच काढा मग," मिस्त्री म्हणाले, "पंप कोन जोडतंय बघू."

साहेबांनी वाकून बेअरिंग एकदा फिरवून बघितलं. "उद्या बेअरिंगनं आवाज केला, तर मी नाव विचारीन."

ग्रीस भरून बेअरिंग बसवलं. दुसऱ्या दिवशी पंप सुरू झाला. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवून मूठ कानाला लावली, की आतलं ऐकू येतं. मी ऐकत होतो, मावशी दारात तोंडात पदर धरून उभ्या. आत एकसारखी घुमघुम, खरखर कुठेच नाही. मी मान हलवली तसा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. साहेबांनी वरून हात लावून बघितलं आणि जाता जाता म्हणाले, "मावशी, पुढच्या वर्षी नुसतं फूल वाहा."

यंदा खंडेनवमीला नवे भाग मी कपाटात कुलूपबंद केले. मावशींचं मन मोडू नये म्हणून एक जुनं, झिजून काढलेलं बेअरिंग त्यांच्या हातात दिलं.

"घ्या, याला किती लावायचं तेवढं लावा."

त्यांनी ते फिरवलं. खडखडलं. "हे तर मोडीत जायचं ना, भाऊ?"

"हो."

मावशींनी ते पदरानं पुसलं, पोत्याच्या मधोमध ठेवलं. "बरं केलं. नव्याला समदेच कुंकू लावत्यात. राबून झिजल्याला कोन इचारतंय?"

एरवी मी काहीतरी टोला हाणला असता. डिझेलनं भेगाळलेली त्यांची बोटं कुंकवात बुडाली तेव्हा एवढंच म्हणालो, "मावशी, जरा जास्त लावा."