फार्महाऊसचं कूळ

"आधी शब्दाचं कूळ काढायचं, मग डब्यातला रंग," असं पुटपुटत आबा ब्रश कानावर खोचायचे. बेडशाचे आमचे पेंटरआबा. दुकानांच्या पाट्या रंगवायचे. इंग्रजी शब्द आला की जाडजूड शब्दकोश उघडायचे. गिऱ्हाईक तोवर ताटकळत.

आमच्या मावळातली फार्महाऊसं तुम्हीही पाहिली असतील. पोहायला तलाव, विकतचं गवत, शेताचा पत्ता नाही. अशाच एका बंगल्यानं आमच्या शेतांकडे जाणारी जुनी वहिवाट गेट लावून बंद केली. पलीकडे आबांचं अर्धा एकर भात. लावणीला ते ओढ्यातून, कमरेएवढ्या पाण्यातून जायचे.

मी पेटले. पत्रक लिहिलं : 'फार्महाऊस हटवा!'

आबांनी चष्म्यावरून पाहिलं. "पोरी, आपलंच घर पाडती व्हय?"

"आपलं? आबा, तो बंगला..."

"बंगला त्याचा. शब्द आपला. हे बग, फार्म म्हंजे मुळात शेत न्हाईच. लॅटिन फिर्मा, ठरलेला खंड, जमिनीचं भाडं. खंडानं घेतली ती जमीन फार्म, कसनारा फार्मर. म्हंजे कूळ! हाऊस मातर सरळ मानूस, पयल्यापास्नं घरच. जोडून काय झालं? कुळाचं घर. माझा बाप कूळ व्हता. मंग फार्महाऊस कुनाचं?"

पुढे मालकानंच पाटी सांगितली : 'फार्महाऊस. आत येऊ नये.' आबांनी सुबक रंगवली आणि खाली एक ओळ जोडली : 'म्हणजे कुळाचे घर. कुळांनी खुशाल यावे.'

मालक खवळला. "हे काय लिहिलंय?"

"अर्थ. त्येचे पैशे न्हाई लावले."

पाटी उतरली, गेटला कुलूप चढलं. आबांनी वाटेसाठी तहसीलला अर्ज टाकला आणि सुनावणीला शब्दकोश काखेत घेऊन गेले.

साहेब हसले. "आबा, इथं सातबारा लागतो, डिक्शनरी नाही."

"सातबारा बी आनलाय. पन आधी शब्द वाचा."

तारखांवर तारखा पडल्या. आबांनी एकही चुकवली नाही. एस्टी नसली तर चालत जायचे.

यंदा लावणीच्या तोंडावर आबा गेले. अकराव्या दिवशी तारीख होती, दिवसकार्यात कोणाच्या ध्यानात राहणार? मग आबांच्या घरी कागद आला : 'अर्जदार गैरहजर, सबब अर्ज निकाली.'

गैरहजर! आबा!

या वेळी मी पत्रक लिहिलं नाही. नवा अर्ज लिहिला. आता अर्जदार एकोणतीस आहेत, सगळ्यांची शेतं त्या गेटापलीकडे. परवा आम्ही चिखलाच्या पायांनी तहसीलच्या जिन्यात ओळीनं उभे राहिलो.

म्हटलं, साहेब, घ्या हजेरी.