बाजाची आंघोळ

मास्तरांच्या अंत्ययात्रेत बाजा वाजला नाही, त्याला कारण मी.

बाजा म्हणजे स्कॉटलंडचा. चामड्याची पिशवी काखेत, पुढे बासरीसारखी नळी, खांद्यावर तीन लांब नळ्या. भांडुपला आमच्या मंडळाचं तसलं पथक होतं. चार बाजे, सहा ढोल आणि शिंप्याने पडद्याच्या चौकडी कापडातून शिवलेले दहा घागरे! (घागरा म्हटलं की आमचे हे चिडत. "किल्ट म्हण गं, किल्ट!")

मास्तर पलटणीच्या बँडमधून निवृत्त झालेले. गिरणी बंद पडल्यावर हे दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायचे. मास्तरांनी त्यांना उठवलं, वाजवायला शिकवलं. अंथरुणाला खिळले तेव्हा स्वतःचा बाजा ह्यांच्या हातात दिला. "मी गेलो की रडू नकोस. माझ्या दारात हाच वाजव."

एका सकाळी मास्तर गेल्याचा निरोप आला. हे तसेच धावले. "दुपारी न्यायला येतो. बाजा सांभाळ!"

सांभाळायला गेले तर पिशवीकडे मुंग्यांची रांग! एक नळी उपसून आत बोट घातलं. चिकट! माणसाला आंघोळ घालून नेतात, आणि त्याच्या बाजाने असं पारोसं जायचं? मी रिठे उकळले. तीन पाण्यांनी पिशवी खळखळून धुतली. तपकिरी काढा निघाला. (केवढा हा मळ! मला फार समाधान वाटलं.)

दुपारी मास्तरांच्या दारात सगळे गप्प उभे. ह्यांनी डोळे मिटून फुंकलं. फुस्स! पुन्हा जोर लावला, तर वरच्या नळ्यांतून बुडबुडे! एक तरंगत जाऊन थेट मास्तरांच्या नाकावर फुटला!

"अरे, ह्या काय?" ढोलवाले भिकाजी कुजबुजले. "साबण खाऊन इलंस काय?"

"नाही रे! हवा सुटू नये म्हणून आत गुळाचं पाणी फिरवलेलं असतं. मास्तरांनी स्वतः फिरवलेलं. गेलं कुठे?"

कुठे गेलं ते आमच्या मोरीला ठाऊक होतं.

मी बायकांच्या मागे लपले. मास्तरांच्या बायकोने, माईंनी, माझा हात ओढून हुंगला.

"रिठा?"

मी मान डोलावली. माई पदरात तोंड खुपसून गदगदू लागल्या. रडत होत्या की हसत, मला अजून कळलेलं नाही. मास्तरांचाच बाजा वाजेना, म्हणून बाकीच्या तिघांनीही आपले बाजे खाली ठेवले आणि मास्तर नुसत्या ढोलावर गेले.

घरी आल्यावर हे म्हणाले, "मास्तरांनी मला नाकारलं गं."

खरं सांगायला मी तोंड उघडलं. बाहेर आलं, "पाणी तापवू का?"

ह्यांनी पुन्हा बाजा तोंडाला लावला नाही. माईंनी तो परत घेतला नाही, म्हणून आमच्याच भिंतीवर खिळ्याला टांगलाय. हे पुन्हा त्याच भिंतीकडे तोंड करून बसतात. मी धूळ झटकायला गेले की मात्र दरवेळी बजावतात,

"सांभाळून गं! पाण्याचा हात लावू नकोस, बिघडेल!"